घाव लागलेलं रताळं

मखमलाबादच्या नवसाबाईच्या मळ्यात महाशिवरात्रीच्या तोंडावर रताळी निघायची. धड असतील ती नाशिकच्या बाजारात जायची आणि कुदळीचा घाव बसलेली घरी राहायची. पोरांनी नाकं मुरडली की ती फटकारायची, "घाव लागलेलंच लय गोड असतं. खा गुमान."

मग ते खोटं खरं करायला ती चुलीपाशी जीव ओतायची. कधी गरम राखेत रताळी भाजायची, कधी काप तुपात परतून वर गूळ घालायची, उपासाला दाण्याचं कूट घालून कीस करायची, धाकट्याला दुधात कुस्करून द्यायची.

थोरली लेक हौसा लग्न होऊन निफाडला गेली. पहिल्याच शिवरात्रीला ती माहेरी आली, तेव्हा नवसाबाईने बाजाराच्या पाटीतली सगळ्यात चांगली, धड रताळी काढून तिच्यासाठी उकडली. हौसाने एक घास खाल्ला आणि ताटली बाजूला सारली.

"लग्न करून दिलं म्हणून परकी झाले का मी?" ती म्हणाली. "बाजारातली मला वाढतेस आन् गोड तेवढी घरात ठेवतेस."

नवसाबाईने कोपऱ्यातलं घाव लागलेलं एक रताळं उचललं आणि चुलीच्या राखेत सारलं.