वाघ छाटणीला गेला होता

तीन थरांतल्या मधल्या जॅकेटची चेन अर्ध्यावर अडकली होती. डाळिंबांच्या क्रेटवर बसून मी ती वर ओढत होतो. शीतगृहाच्या दारावर महेशने बाहेरून थाप मारली.

"थंडी वाजतेय का?"

"नाही."

"मग बाहेर ये. आता घाम येतो का बघू."

बाहेर ऑक्टोबर होता. घाम आला.

महेश माझा शाळेपासूनचा मित्र. नाशिकला द्वारका चौकाजवळ त्याचं रेनकोट आणि ट्रेकिंगच्या सामानाचं दुकान आहे. परदेशी शिकाऱ्यांसाठी शिवलेल्या कपड्यांचा एक मोठा लॉट त्याला मिळत होता. एक जोड नमुन्यासाठी आला होता. मी डोंगरात फिरतो आणि फिरून आल्यावर इथे लिहितो, म्हणून तो जोड माझ्या अंगावर चढला, आणि थंडी तपासायला मी शीतगृहात. "दिवाळीच्या आत सांग, घेऊ की नको," महेश म्हणाला. आपल्याकडे शिकारीला बंदी आहे. शिकारीच्या कपड्यांना नाही.

थर तीन. आत लोकरीची बंडी आणि घट्ट विजार. मध्ये फ्लीस. बाहेर पानांच्या छाप्याचं जॅकेट आणि पँट. पानं ओकची. ओक नाशिक जिल्ह्यात उगवत नाही. सोबतच्या पत्रकात तीन दावे होते: कपड्यांचा आवाज होत नाही, माणसाचा वास बाहेर जात नाही, आणि जनावराला तुम्ही दिसत नाही. शीतगृहात यातलं काही तपासता येत नाही. डाळिंबं कशालाच दाद देत नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी पेठची एसटी पकडली. तिन्ही थर अंगावर. रस्ता चांगला आहे, सावळघाटात वळणं आहेत, उलटीचा त्रास असेल तर पुढे बसावं. कंडक्टर तिकीट देताना थांबला.

"मिलिट्री का?"

"नाही."

"फॉरेस्ट?"

"नाही."

"मग शूटिंग असंल," तो म्हणाला, आणि पुढच्या सीटकडे गेला.

शेजारी हिरामण बसला होता. चाळिशीचा, मांडीवर नारळांची पिशवी. करंजाळी येईपर्यंत तो माझ्या बाहीवरची पानं बघत होता.

"ही कशाची पानं?"

"ओकची."

"आमच्याकडं नाय ती."

"माहीत आहे."

"मग लपणार कशात?"

त्याच्या पाड्यावर त्या दिवशी वाघबारस होती. "या की, आज आमच्या वाघदेवाचा सण हाय," तो म्हणाला. करंजाळीला उतरून पुढे जीप. भरल्याशिवाय निघत नाही, आणि भरली असं चालकाला कधी वाटत नाही. तुम्ही या दिवशी गेलात तर बाजारातून गूळ घ्या. खिरीला प्रत्येक घरातून तांदूळ आणि गूळ जातो. रिकाम्या हाताने बसलेला माणूस तिथे लगेच ओळखू येतो. मी गूळ घेतला. तरी ओळखू आलो.

पाडा एका ओहोळाच्या अलीकडे आहे. ओहोळ ही शीव. पलीकडे दुसरा पाडा. उतारावर नागली काढणीला आलेली, खाली भात. दुपारी हिरामणच्या ओट्यावर नागलीची भाकरी, उडदाची आमटी आणि ठेचा खाल्ला. पैसे विचारले, तर त्याची बायको आत निघून गेली. पुन्हा विचारू नका.

जेवताना पहिली चाचणी झाली. हिरामणची चुलती मंजुळाबाई शेजारी राहते. तिची शेळी आली, माझ्या बाहीला नाक लावलं आणि छाप्यातलं एक पान खायला लागली. बाही तिच्या तोंडातून सोडवायला दोघं लागले. म्हणजे कापड फाटत नाही.

"मारू नका तिला, गाभण हाय," मंजुळाबाई म्हणाली. "दोन होत्या. एक गेली आठ दिसामागं. गोठ्यातनं नेली."

"कोणी?"

"वाघानं. दुसरं कोण येतंय."

इथे बिबट्यालाही वाघच म्हणतात. मंजुळाबाई एकटी आहे. घरात एक चूल आणि एक शेळी. ती बोलत होती तेव्हा तिचा हात शेळीच्या पाठीवर होता, आणि मी निघेपर्यंत तिथून फार लांब गेला नाही.

चारच्या सुमाराला गुरं लवकर आणली. शिवेजवळ सागाखाली वाघदेव आहे. लाकडी फळी, तिच्यावर वाघ, चंद्र, सूर्य कोरलेले, वर शेंदूर. सणाची रीत सरळ आहे. एकाने वाघ व्हायचं. सगळ्यांनी त्याला विचारायचं, पुन्हा येशील का. त्याने शब्द द्यायचा, नाही येणार. मग त्याला हाकत ओहोळापार घालवायचं. तो शीव ओलांडताना सगळ्यांना दिसला पाहिजे. त्यानंतर खीर.

पूजा झाली. नारळ फुटला. सोमाबाबांनी, म्हणजे पाड्याच्या भगतांनी, इकडे तिकडे बघितलं.

"वाघ कुठाय?"

"दिंडोरीला," हिरामण म्हणाला. "द्राक्षांच्या छाटणीला."

देवराम नावाचा माणूस दर वर्षी वाघ होतो. गेल्या वर्षी त्याने शब्द दिला आणि यंदा शेळी गेली. आठ दिवस लोक त्यालाच विचारत होते. तो छाटणीला दर वर्षी जातो, पण दिवाळीनंतर.

"बायको काय म्हणते त्याची?" सोमाबाबांनी विचारलं.

"म्हणते, खरा वाघ परवडला. त्याला कोणी चहाच्या टपरीवर गाठून विचारत नाय."

लोक हसले. मंजुळाबाई हसली नाही. "हसा. तुमच्या बैलाला नाय नेत तो. शब्द न घेता सोडला तर आज रातीच येतोय. मग मी काय करू?"

सोमाबाबांनी एकेकाकडे बघितलं. एकाची कंबर धरली होती. एकाला लग्न करायचं होतं. एकाने आपण गेल्या वर्षी याच सणात अस्वल झालो होतो, एवढंच सांगितलं. मग सगळे माझ्या कपड्यांकडे बघायला लागले.

"मी बाहेरचा आहे," मी म्हणालो.

"वाघ पण बाहेरचाच असतोय," सोमाबाबा म्हणाले.

मी ज्या कपड्यांत होतो ते शिकाऱ्याचे आहेत, हे सांगायला फार उशीर झाला होता. चेहऱ्यावर हळदीचे आणि कोळशाचे पट्टे ओढले गेले. कोणीतरी आरोळी दिली आणि मी पळायला लागलो.

मागे सगळा पाडा. काठ्या, डबे, कुत्री. तीन थर घालून उतारावर पळून बघा. आतली लोकर घाम शोषते, हे खरं. तो कुठे नेते, ते पत्रकात नाही. ओहोळाच्या अलीकडे उंच वाळलेलं गवत आहे, मध्ये टणटणीची काटेरी झुडपं. पाय अडकला आणि मी आडवा झालो. उठण्याइतका दम नव्हता. मी पडून राहिलो.

डबे थांबले.

"कुठं गेला?"

"हितंच होता की."

कुत्री माझ्यापासून दोन हातांवरून हुंगत गेली आणि परत फिरली. हिरामणचा पाय माझ्या डोक्याशेजारी होता. ओकची पानं नाशिकच्या गवतात नाहीशी झाली होती. पत्रकातले तिन्ही दावे एकाच वेळी खरे ठरत होते. महेशला फोन करावा असं वाटलं.

"पार गेला का नाय गेला?" सोमाबाबांचा आवाज.

"दिसला नाय जाताना."

"मग गेला नाय. शिवेच्या आतच हाय."

मग मंजुळाबाई, अगदी जवळून:

"मग माझ्या शेळीचं काय?"

मी उठलो. गवतातून एकदम उभा राहिलो तशी हिरामणने डबा टाकला आणि तो चार पावलं मागे गेला. मंजुळाबाई मागे गेली नाही. तिने काठी उचलली आणि माझ्या खांद्यावर मारली. नाटकातली नव्हे. बाहेरच्या दोन थरांनी बराच मार घेतला, तिसऱ्यापर्यंत थोडा पोचला.

"येशील का पुन्हा?"

"नाही येणार."

"गोठ्याकडं येशील?"

"नाही."

"बांधाच्या आत पाय ठेवशील?"

"नाही ठेवणार."

"देवासमोर बोलतोस?"

"हो."

"मग जा," ती म्हणाली, आणि काठी ओहोळाकडे केली. मी ओहोळात उतरलो. पाणी गुडघ्यापर्यंत होतं. पलीकडच्या काठावर चढलो, सगळ्यांना दिसेल असा. मागे मोठी आरोळी झाली.

एक अडचण राहिली होती. गेलेला वाघ परत येत नाही, आणि माझी सॅक अलीकडे होती. पलीकडून सोमाबाबांना खूण केली. त्यांनी अंगावरून हात खाली फिरवला: काढ. मी पानांचे कपडे आणि फ्लीस काढून गुंडाळी केली. तोंड धुतलं. लोकरी विजार आणि बंडीवर ओहोळ ओलांडून आलो. थरांचा एवढा उपयोग मला आधी कोणी सांगितला नव्हता.

मंजुळाबाई पुढे आली.

"आलात का, दादा? बसा. वाटेत वाघ दिसला का तुम्हाला?"

मी तिच्या चेहऱ्याकडे बघितलं. ती खरंच विचारत होती.

"दिसला. गेला तो."

"मागं वळून बघितलं का त्यानं?"

"नाही."

तिने पळसाच्या पानावर मला खीर वाढली. दुसऱ्यांदा न विचारता वाढली. आतल्या विजारीत पंगतीला बसलेल्या माणसाकडे कोणी वेगळं बघितलं नाही. दिवसभरात पहिल्यांदाच.

अंधार पडताना जीप मिळाली, पुढे शेवटची एसटी. घरी येऊन कपडे धुतले. कॉलरवरचा कोळसा निघाला, हळद निघाली नाही. महेशला कळवलं: उन्हात निरुपयोगी, काटे सहन करतात, शेळीला आवडतात, लपण्याची सोय गरजेपेक्षा जास्त. लॉट घे, पण शिकारीचे म्हणून विकू नकोस. त्याने विचारलं, मग कशाचे म्हणून विकू? मला सुचलं नाही.

खांदा दुखत होता. झोपताना मी माझ्या शब्दाचा विचार करत होतो. परीक्षा कपड्यांची होती. शब्द मात्र मी दिला होता, आणि तो पाळणं माझ्या हातात नव्हतं. देवराम छाटणीला लवकर का गेला, ते मला कळलं.

सकाळी हिरामणचा फोन आला. मंजुळाबाईची शेळी गोठ्यात होती. रात्री ओहोळापलीकडच्या पाड्यात खुराडं फुटलं, पाच कोंबड्या गेल्या. वाघ आमच्याकडे कोणी हाकलला, असं तिथले लोक विचारत होते. शब्द त्यांनाही हवा होता. त्यांच्यातले दोघं पहिल्या एसटीने नाशिकला निघाले होते, मला न्यायला.