खुंट्यांचा बार

आमच्या बारला पाटी होती, पण पाटीवरचं नाव कुणीच घेत नसे. मांजरसुंब्याच्या अलीकडे ट्रकवाले एकमेकांना सांगायचे, "खुंट्यांच्या बारवर थांबू."

निजामाच्या अमदानीत माझ्या पणजोबांनी तिथं शिंदीचा गुत्ता घातला होता. प्यायला येणाऱ्यांच्या हातात काठ्या, कुऱ्हाडी असायच्या आणि शिंदी पोटात गेली की बांधावरची भांडणं वर यायची. एकदा दोन सख्ख्या भावांत कुऱ्हाड चालली, एकाचा हात गेला. त्यानंतर पणजोबांनी दाराबाहेरच्या भिंतीत लाकडी खुंट्या ठोकल्या. हत्यार बाहेर टांगायचं, मगच आत यायचं. पुढं निजाम गेला, गुत्त्याचं देशी दारूचं दुकान झालं. माझ्या वडिलांनी, अण्णांनी, स्लॅब टाकून परमिट रूम केली. खुंट्या मात्र काढल्या नाहीत. ऊसतोडीहून परतणारे गडी तिथं कोयते लावून आत बसायचे. मी शाळेतून आले की भिंतीकडे बघूनच आत किती गर्दी आहे ते कळायचं. लांबलांबची माणसं ते बघायलाही थांबत. अण्णांना त्याचा फार अभिमान. स्वतः मात्र ते आयुष्यात थेंबभरही प्यायले नाहीत.

मी अंबाजोगाईला एका दवाखान्यात नर्स आहे. त्या दिवशी सुट्टी होती म्हणून घरी आले होते. आमचं घर बारच्याच मागं. दुपारी अण्णांना गोळ्या द्यायला बारच्या स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेले, तर एका पांढऱ्या गाडीतून काही पोरं उतरत होती. पुढच्याच्या कमरेला पिस्तूल होतं. तो कुणाचा माणूस हे सगळ्या भागाला ठाऊक होतं. आतली गिऱ्हाइकं अर्धे ग्लास तसेच सोडून एकेक करून मागच्या दारानं निघून गेली.

पोरं आत शिरली तसे अण्णा गल्ल्यावरून उठले. "भाऊ, ते बाहेर खुंटीला लावा. आमच्याकडं तशी रीत हाय."

तो हसला. "काका, ही काय खुंटीला टांगायची चीज हाय का?" त्यानं पिस्तूल टेबलावर ठेवलं आणि बोटानं भिंगरीसारखं फिरवलं. थांबलं तेव्हा नळी अण्णांकडे होती. शेजारच्या पोरानं मोबाइल काढून शूटिंग सुरू केलं.

"बसा. आज तुमी आमच्यासंग प्यायचं."

"मी घेत न्हाई, भाऊ."

"बार चालवता अन् घेत न्हाई? का आमच्या हातची चालत न्हाई?"

आवाज अजून हसराच होता. मला भीती वाटली ती त्या हसण्याची. त्यानं ग्लास भरून अण्णांच्या हातात दिला. अण्णांचा हात इतका थरथरत होता की दारू मनगटावरून खाली ओघळली. वर्षभरापूर्वीच त्यांच्या छातीत दुखलं होतं. तेव्हाचा त्यांचा पांढराफटक चेहरा मी पाहिला होता, आणि आत्ता तो तसाच दिसत होता.

स्वयंपाकघरातून मी कशी बाहेर आले ते आठवत नाही. "त्यांना छातीच्या गोळ्या चालू हायेत," एवढंच म्हणाले. माझाच आवाज मला अनोळखी वाटला.

त्यानं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "मग तू घे."

अण्णा म्हणाले, "बाई, तू आत जा." पण मी त्यांच्या हातातून ग्लास काढून घेतला आणि पिऊन टाकला. घसा जळला, डोळ्यांतून पाणी आलं. ती पोरं टाळ्या वाजवू लागली. आता पुढं काय म्हणतील, याचीच मी वाट बघत होते. तेवढ्यात त्याचा फोन वाजला. पलीकडचं ऐकून तो "आलो साहेब" म्हणाला, पिस्तूल कमरेला खोचलं आणि सगळे निघून गेले.

"आपण पोलिसांत जाऊ," मी म्हणाले.

अण्णा खुर्चीत तसेच बसून होते. "जाऊ. पण उद्या बसनं तुला एकटीलाच जायचं हाय ना?"

आम्ही गेलो नाही.

व्हिडिओ मात्र सगळीकडे गेला. ओढणीमुळे माझा चेहरा नीट दिसत नव्हता, अण्णांचा दिसत होता. आणि झालं असं की बारची गर्दी वाढली. कुठूनकुठून पोरं यायची, "ते टेबल कंचं?" म्हणून विचारायची, तिथं बसून फोटो काढायची. अण्णा गल्ल्यावरून बघत राहायचे. मी फोनवर विचारलं की म्हणायचे, "लई धंदा हाय." मग एक दिवस त्यांनी कुणालाही न विचारता शटर ओढलं आणि पुन्हा उघडलं नाही. आता तिथं खताचं गोदाम आहे.

मी दुसऱ्याच दिवशी अंबाजोगाईला परतले होते, पण स्टँडवर पांढरी गाडी हळू झाली की गर्दीत शिरायचे. खोलीची कडी लावली की नाही, ते उठून उठून बघायचे.

गेल्या पावसाळ्यात तो पिस्तूलवाला आमच्या दवाखान्यात आला. त्याच्या आईला ताप होता, तिला घेऊन आला होता. मी सलाइन लावायला गेले आणि कॉटच्या उशाशी तो उभा. मी मास्क वर ओढला. तो माझ्याकडेच बघत होता, पण त्याच्या डोळ्यांत ओळख नव्हती. त्याला मी आठवतच नव्हते.

"ताई," तो अगदी हळू म्हणाला, "जरा जपून टोचा. माझी माय सुईला लई भिते."

म्हातारीनं माझं मनगट घट्ट धरलं होतं. तिचाही हात थरथरत होता. मी तिला "दुखणार न्हाई, मावशी" म्हणाले आणि शीर शोधू लागले. ती लवकर सापडेना.