वाटीतले दाणे

माझी सिंधुवहिनी कमी बोलायची, आणि जे बोलायची ते एकदाच. दुसऱ्यांदा विचारलं तर नुसती बघायची. माझ्यासारख्या तोंडाळ नणंदेला ही मोठीच शिक्षा होती. भांडायचं तर समोरून कुणीतरी भांडावं लागतं, आणि वहिनी तेवढंही सुख द्यायची नाही.

ती मुखेडजवळच्या एका खेड्यातली, मॅट्रिकपर्यंत शिकलेली. माझा भाऊ साहेबराव तेव्हा निलंग्याच्या तहसिलीत कारकून होता. लग्नानंतर दोन वर्षांनी वहिनीला दिवस गेले, आणि आठव्या महिन्यात बाळ पोटातच गेलं. बाळ हालत नाही, असं तिनं आदल्या दिवशी सांगितलं होतं. सांगितलं म्हणजे तिच्या पद्धतीनं, एकदाच. त्यावर माय, म्हणजे माझी आई सरजाबाई, म्हणाली होती, "झोपलं असंल. लेकरं झोपत्यात पोटात." पाच बाळंतपणं झालेली बाई सांगते म्हटल्यावर आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. वहिनीनंही डोलावली. त्यानंतर त्या बाळाबद्दल आमच्या घरात कुणी ब्र काढला नाही.

ब्याऐंशी साली लातूर जिल्हा झाला. नव्या कलेक्टर कचेरीला माणसं हवी होती, दादाची तिथं बदली झाली. दोन खोल्या भाड्यानं घेतल्या. भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेबांचे फोटो लागले, खाली माझी डी.एड.ची पुस्तकं, आणि संसार मांडून झाला. त्याच वर्षी पावसानं दगा दिला. नळाला चार-चार दिवस थेंब नसायचा. कलेक्टर आला, आता पाण्याची बदली कधी होते बघायचं, असं आमच्या गल्लीत म्हणायचे.

अशात वहिनीला पुन्हा दिवस गेले. तिनं चौथा महिना संपेपर्यंत कुणाला सांगितलं नाही. सहा महिने उलटल्यावर पोट एवढं मोठं कसं, म्हणून सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी पोटाचा एक्स-रे फोटो काढायला लावला. फोटोत दोन डोकी दिसली, एक वर आणि एक खाली. दादा तो फोटो उजेडाकडं धरून हसला आणि मग त्यानं तो खाली घेतला. कारण डॉक्टरीणबाई हसत नव्हत्या. आधीचं बाळ गेलेलं, आता जुळं, त्यात पायांवर सूज आणि ब्लडप्रेशर. झोपून राहायचं, डाव्या कुशीवर. पलंगाचे पायथ्याकडचे खूर विटांवर ठेवायचे. पाण्याची घागर सोडा, तांब्यासुद्धा उचलायचा नाही.

आणि एक काम दिलं. सकाळी जेवण झालं की उशाशी मूठभर ज्वारी आणि एक रिकामी वाटी घ्यायची. पोटात हालचाल झाली की एक दाणा वाटीत टाकायचा. "संध्याकाळपर्यंत वीस तरी झालेच पाहिजेत," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "कमी भरले तर उद्यावर टाकायचं नाही. सरळ इकडं निघून यायचं."

बोटांवर मोजायला सांगितलं असतं तरी वहिनीला जमलं असतं. पण वाटी बरी होती. वहिनीचा स्वतःच्या अंगावरचा विश्वासच उडाला होता. पोटात काही हाललं तरी ती आधी माझ्याकडं बघायची, जणू मी तिला हाव म्हणून सांगणार होते. वाटीतला दाणा मात्र डोळ्यांना दिसायचा.

तिन्हीसांजेला दाणे मोजायचं काम माझं. मी वाटी ताटलीत उपडी करायची आणि ओरडून आकडा सांगायची. "चौतीस! वहिनी, आत कबड्डी चाललीय का?" ती जरा हसायची. ते दाणे सकाळी चिमण्यांना. त्या वर्षी गल्लीत सगळ्यात गुबगुबीत चिमण्या आमच्या दारात होत्या.

एप्रिल लागला आणि ऊन मी म्हणू लागलं. एका संध्याकाळी ताटलीत फक्त बारा दाणे पडले. मी पुन्हा मोजले. वहिनीच्या डोळ्यांतून पाणी गळायला लागलं, आवाज नाही, काही नाही. दादानं रिक्षा आणली, आम्ही दवाखान्यात गेलो. डॉक्टरीणबाईंनी पोटावर नळकांडं लावून बराच वेळ ऐकलं. दोन्ही ठोके चांगले होते. वहिनी दिवसभर जेवलीच नव्हती, म्हणून बाळंही सुस्तावली असतील, म्हणाल्या. पण ब्लडप्रेशर चढलं होतं. "तुम्ही आलात ते बरोबर केलंत," त्या म्हणाल्या. मग मायकडं वळून म्हणाल्या, "हिला रडू देऊ नका. काळजीनं प्रेशर वाढतं, ते बाळांना बाधतं."

आम्ही त्यातलं पहिलं वाक्य घेऊन घरी आलो. माय दुसरं घेऊन आली.

दुसऱ्या दिवशी सव्वीस दाणे भरले, तिसऱ्या दिवशी एकतीस. चौथ्या दिवशी तर अठ्ठावन्न! मी टाळ्या वाजवल्या. "कबड्डी न्हाई वहिनी, पुरी जत्रा भरलीय." वहिनी हसली नाही. "मला तर एवढं वाटलं न्हाई, पंचशीला," ती म्हणाली. मी म्हटलं, दुपारी तुझा डोळा लागतो, झोपेत टाकले असशील. आजही ते वाक्य आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते. शिक्षिका व्हायला निघालेली मी, झोपेत कुणी दाणे मोजतं का एवढंही मला कळलं नाही.

पाचव्या दिवशी दादा कचेरीत होता, मी पुस्तक घेऊन उंबऱ्यात बसले होते. माय वहिनीच्या पायांना तेल लावत होती. वाटीत पंधरा-वीस दाणे दिसत होते. वहिनी त्यांच्याकडं बघत म्हणाली, "आज मला फारसं काही जाणवंना गेलंय. पण वाटीत तर हायेत. मलाच कळंना का काय, आत्याबाई?"

मायचे हात थांबले. मला वाटलं ती म्हणणार, झोपली असतील. तिचं तोंड तसं उघडलंही. मग तिनं तेलकट हात कपाळावर मारून घेतला.

"त्ये दाणे म्या टाकले," ती म्हणाली. "रोज टाकून राहिले. तुला रडू येऊ न्हाई म्हनून. तुझे सकाळपासनं दोनच हायेत, सिंधु. दोनच."

माझ्या अंगाची लाहीलाही झाली. मी मायला काय काय बोलले ते इथं लिहीत नाही. तिनं एका शब्दानं उलट उत्तर दिलं नाही, आणि मी आणखीच भडकले. वहिनी तोवर उठून बसली होती. तिनं पदर खोचला आणि मला म्हणाली, "पंचशीला, मागून बोल. गाडी बघ."

तिनं मला गप्प बसवायची ती पहिलीच वेळ.

भर दुपारी रिक्षा कुठून मिळणार? गल्लीत होता तो फक्त पाण्याचा टँकर. चार दिवसांनी आला होता, आणि सगळी गल्ली घागरी, हंडे, डबे घेऊन त्याच्याभोवती भांडत होती. सगळ्यांत मोठा आवाज गौरम्माचा. ती सीमेपलीकडची, बिदरकडची. पाण्याच्या रांगेत तिच्यापुढं उभं राहायची कुणाची छाती नव्हती. मी ओरडत पळत गेले की वहिनीला दवाखान्यात न्यायचंय, पोरं हालत न्हाईत. ड्रायव्हर मारोती नळीकडं बघायला लागला. अजून निम्म्या गल्लीचंसुद्धा पाणी भरून झालं नव्हतं.

गौरम्मानं स्वतःच्या हंड्यातून नळी उपसून काढली. हंडा अर्धाच भरला होता. "काय बघून राहिलास? पानी कुठं पळून चाललंय? बेगा, बेगा, गाडी काढ!" मागून एक बाई आमचं पाणी, आमचं पाणी म्हणत राहिली. गौरम्मानं तिच्याकडं नुसतं वळून बघितलं आणि ती गप्प झाली.

गौरम्मानं आणि मी वहिनीला उचलूनच केबिनमध्ये चढवलं. माय मागं पडली म्हणून मी थांबले नाही. खरं सांगायचं तर तिला मागंच सोडायची माझी इच्छा होती. पण टँकर वळला तेव्हा ती दाराला लोंबकळत होती, साठीची बाई, अनवाणी. मारोतीनं शिव्या देत तिला आत ओढलं.

दवाखान्यात नळकांडं पुन्हा पोटावर लागलं. एक ठोका लगेच सापडला. दुसरा शोधायला इतका वेळ लागला की मी भिंतीवरच्या खिळ्याकडं बघत उभी राहिले, दुसरीकडं बघायची हिंमत झाली नाही. सापडला, पण संथ होता. डॉक्टरीणबाई सरळ झाल्या. "ऑपरेशन. आत्ताच," म्हणाल्या. वहिनीला नेताना तिनं एकच विचारलं, "दोघंबी हायेत ना?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आत्ता आहेत. म्हणूनच घाई."

निरोप मिळताच दादा सायकलवर धापा टाकत आला. माय व्हरांड्याच्या पायरीवर बसली होती. मी तिच्याशी बोलत नव्हते आणि ती कुणाशीच. एक बाई तिला पाणी देत होती, तिनं घेतलं नाही. वाट बघणं मला कधीच जमलेलं नाही, पण त्या दिवसासारखं वाट बघणं मी पुन्हा कधी केलं नाही.

मग दारातून सिस्टर आली. पहिला मुलगा, रडला. दुसरी मुलगी, आधी रडलीच नाही, नंतर रडली, आता थांबतच नाही. दोन्ही लहान आहेत, कापसात ठेवायला लागतील, पण चांगली आहेत. आईही चांगली आहे. जीव भांड्यात पडणं म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं. मी जाऊन बसले ती नेमकी मायच्या शेजारी. राग होताच. पण बसले.

माय खोलीत जाईना. पहिला दिवस गेला, दुसरा गेला. डबा आणायची, दाराशी ठेवायची आणि परत व्हरांड्यात. "माझ्या हाताला यश न्हाई," म्हणायची. तिसऱ्या दिवशी वहिनीनं मला सांगितलं, "आत्याबाईला आत बोलाव." दादा नातेवाइकांना पत्रं टाकायला पोस्टात गेला होता.

माय आली आणि भिंतीला टेकून उभी राहिली. दोन्ही लेकरं वहिनीच्या कुशीत एका फडक्यात गुंडाळलेली, मुठीएवढ्या चेहऱ्यांची. वहिनी म्हणाली, "या खेपंला तुम्ही सांगितलंत. न्हाईतर मी वाटीकडं बघत बसले असते."

"आदी लपवलं बी म्याच," माय म्हणाली.

"हाव. पन सांगितलंत." वहिनीनं लेकरांवरचं फडकं नीट केलं. मग मायकडं बघून तिनं विचारलं, "मग आता आनखी एक सांगा. पहिलं काय होतं? पोरगा का पोरगी?"

तीन वर्षं झाली होती त्याला. तीन वर्षं ही बाई आमच्या घरात उठत होती, भाकरी थापत होती, मला वेणी घालत होती, आणि तिला हे माहीत नव्हतं. मला माहीत होतं. दादाला माहीत होतं. तिला सांगावं असं आमच्यापैकी कुणाच्या मनातही आलं नव्हतं.

माय खाली बसली, पलंगाच्या अगदी जवळ.

"पोरगी," ती म्हणाली. "लई केस होते तिला. काळेभोर, मानेपत्तोर. नाक तुझ्यावानी. म्या धुतलं तिला माझ्या हातानं, आन् माझ्या लुगड्यात गुंडाळलं. न्हाई रडले मी. तू रडशील म्हनून न्हाई रडले."

"मानेपर्यंत?" वहिनीनं विचारलं.

"हाव. मानेपत्तोर."

वहिनी हसली, आणि मग मोठ्यानं रडायला लागली. तिला मोठ्यानं रडताना मी कधी ऐकलंच नव्हतं. टाके दुखत होते म्हणून पोटावर हात दाबून रडत होती. माय रडायला लागली, मी रडायला लागले, दोन्ही लेकरं जागी होऊन त्यांनीही सूर लावला. सिस्टर धावत आली आणि काय झालं म्हणून विचारायला लागली.

"काही न्हाई, बाई," वहिनी डोळे पुसत म्हणाली. "मला तीन लेकरं हायेत."