माईनं मागून घेतलेली दोरी

जवळ ये बाई. वाचता वाचताच जरा जवळ सरकून बस. तू कोण, कुठली, मला ठाऊक नाही. पण घरातलं लेकरू नशेनं पोखरून निघालं असेल आणि तू शेजारणीला हसून 'आमच्याकडे सगळं छान' सांगत असशील, तर आधी माझं रागावणं ऐकून घे. काहून लपवून राहिलीस? मीही लपवलं होतं. आणि माईची भक्त म्हणवणारी मी, त्याच्याही पुढं जाऊन एक मोठी चूक करून बसले. ती सांगायलाच लिहायला घेतलंय. शाळा माझी सातवीपर्यंतची, तेव्हा बोलते तसंच लिहीन.

लग्न होऊन नागपूरहून जबलपूरला आले त्याला चाळीस वर्षं होऊन गेली. इथं नर्मदेला कुणी नदी म्हणत नाही, माई म्हणतात. मीही म्हणायला लागले. माझी एकुलती एक रेणू बंगळुरूला मोठ्या नोकरीत होती. तिचे बाबा गेल्यावर वर्षभरानं ती अचानक घरी परतली, अर्धी होऊन. रात्र रात्र जागी, दिवसा चिडचिड, नाकातून रक्त. मी आपली गुळवेलीचा काढा पाजून राहिले. मग एके दिवशी तिनंच सांगितलं, कोकेन. हा शब्द मी टीव्हीवरच ऐकला होता. सिनेमातल्या लोकांना होतं ते माझ्या रेणूला कसं होईल, हेच डोक्यात शिरेना.

मला एकच उपाय सुचला. तिला ग्वारीघाटावर नेलं, कमरेएवढ्या पाण्यात उभं केलं, ओंजळीत माईचं पाणी दिलं आणि शपथ घ्यायला लावली. तेवढ्यानं माझं समाधान झालं नाही. तांब्याचा एक ताईत जाड काळ्या दोरीत ओवून तिच्या गळ्यात बांधला आणि म्हटलं, "ही शपथ मोडलीस तर माझं मेलेलं तोंड पाहशील." लेकरानं मान हलवली. मी घरी येऊन शिरा केला. वाटलं, झालं, माईच्या ओटीत टाकलं. आता कळतं, माईच्या ओटीत मी काही टाकलंच नव्हतं. सगळं ओझं त्या पोरीच्या गळ्यात अडकवून आले होते.

काही दिवस बरे गेले. पुढं एकदा उपासाच्या दिवशी मी स्वयंपाकघरात चक्कर येऊन पडले. रेणूनं डोक्याशी बसून रात्र काढली आणि त्यानंतर ती जी मिटली, ती मिटलीच. मला वाटलं, माझी काळजी करून राहिली.

शेवटी न राहवून मी ओळखीतल्या एकीला सगळं सांगितलं, तिनं मानसोपचाराच्या डॉक्टरांचं नाव सुचवलं. तरुण डॉक्टर, पण बोलणं मऊ. त्यांनी समजावलं की या नशेनं मेंदूतली आवर घालणारी जागा थकून जाते. कपाळाच्या बाजूनं चुंबकाचे हलके ठोके देऊन तिला जागं करायचा प्रयत्न करता येतो. "माताजी, जादू नहीं है," ते म्हणाले. "या नशेसाठी यावर अजून अभ्यास चालू आहे. सबको फायदा नहीं होता. सोबत बोलणं, समुपदेशन लागेलच." खोटी आशा दाखवली नाही म्हणूनच माझा विश्वास बसला.

पहिल्या दिवशी खुर्ची तयार होती. मशीनवाली दीदी म्हणाली, "डोक्यातल्या पिना, कानातलं, गळ्यातलं, सगळं काढा." रेणूनं पिना काढल्या, कानातलं काढलं आणि ताईत मुठीत घट्ट धरून बसली. मी मधे पडले. "राहू दे ना बेटी, माईचा आहे."

"अम्मा, मशीन को माई समझ में नहीं आती, तांबा समझ में आता है. निकलवा दो," दीदी म्हणाली.

मी हात पुढे केला तर रेणू मागे सरकली आणि हुंदके देऊन रडायला लागली. "आई, शपथ मी केव्हाच मोडली. तिसऱ्याच आठवड्यात. अन् मग तू पडलीस. माझ्यामुळं पडलीस."

"अगं वेडे, उपासानं साखर उतरली होती माझी!"

"उपास कुणासाठी होता?"

उपास तिच्यासाठीच धरला होता. माझ्या मरणाच्या भीतीनं ती नशेत आणखी खोल गेली होती आणि मला सांगायची सोय मीच ठेवली नव्हती. म्हटलं, घेतली शपथ परत, काढ ते. तर म्हणते, "माईसमोर बांधलंस, इथं कशी परत घेशील? काढलं अन् तुला काही झालं तर?" डॉक्टर आले, सगळं ऐकून म्हणाले, "जबरदस्ती नहीं. कल आइए." पण उद्या ती येईल, याचा मला भरवसा नव्हता.

तिथूनच ऑटोनं ग्वारीघाटावर गेलो. पायरीवर बसलो. खरं सांगू? दोरी सोडायला माझाही हात उचलत नव्हता. माईला दिलेला शब्द परत कसा मागायचा? पदर तोंडाला लावून मी नुसतं म्हणत राहिले, माई, मला येत नाही हे, तूच सोडव.

तेवढ्यात एक परिक्रमावासी बाई येऊन शेजारी टेकली. पांढरं लुगडं, हातात काठी, पायांना भेगा. माईला पायी प्रदक्षिणा घालणारे हे लोक. ते मागतील ते नाही म्हणायचं नाही, अशी आमच्याकडची रीत. तिच्या झोळीचा बंद तुटला होता. तिनं इकडंतिकडं पाहिलं आणि रेणूच्या गळ्याकडं बोट केलं.

"बिटिया, ये डोरी दे दे. झोला गिरा जा रहा है."

मी पुढं झाले आणि माझ्या हातानं बांधलेली गाठ माझ्याच हातानं सोडली. ताईत तिच्यापुढं धरला तर हसली. "इसका मैं क्या करूँगी? बोझा है. डोरी काम की है." झोळी बांधली, खांद्याला लावून पाहिली, 'नर्मदे हर' म्हणून चालायला लागली. ती कोण होती, मी काही सांगत नाही. तिची झोळी तुटली होती, एवढं मी डोळ्यांनी पाहिलं.

पायऱ्या चढताना रेणू म्हणाली, "आई, माईनंच मागितली ना?"

"मागितली तर खरी," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी ती उघड्या गळ्यानं खुर्चीत बसली. टक् टक् टक् आवाज बाहेरपर्यंत यायचा. मी त्यावर जप धरायची. पहिल्या ठोक्यांनंतर कपाळ दुखत होतं तरी हसली, "डोक्यावर सुतारपक्षी बसला होता." कितीतरी आठवडे आम्ही गेलो. हळूहळू झोप लागू लागली, जेवण जाऊ लागलं. म्हणायची, तल्लफ येते, पण आता तिच्यामागं जायच्या आधी मला विचार करायला वेळ मिळतो.

मग काही महिन्यांनी, एका सकाळी मी पोळ्या लाटत होते. रेणू दारात उभी. "आई, काल चुकले."

माझं लाटणं थांबलं. पण बाई, हेच तर मी माईला मागायला हवं होतं! माझं लेकरू माझ्यासमोर उभं राहून खरं बोलत होतं आणि माझ्या मरणाला भीत नव्हतं. म्हटलं, "सांगितलंस, बरं केलंस. गरम आहे तोवर पोळी खा, मग डॉक्टरांना फोन लावू." ती तिथंच खाली बसून पोटभर जेवली. त्यानंतर आजपर्यंत बरी आहे. उद्याचं मी विचारत नाही. चुंबक माईचं, डॉक्टर माईचे, लेकरूही तिचंच. मी आपली सोबत बसते.

तो ताईत कुंकवाच्या करंड्याशेजारी ठेवलाय, आलीस की दाखवीन. लवकर ये. तुझ्या लेकरालाही घेऊन ये. रेणू बोलेल त्याच्याशी, मी शिरा करीन. वाट पाहते. शपथ मात्र घालत नाही हं.