खोकलीची मुळे

गटारी, रस्त्यावरचे बंद दिवे, क्रांती चौकातली बेशिस्त वाहने अशा अनेक विषयांवरच्या माझ्या तक्रारींच्या स्थळप्रती मी फायलीत लावून ठेवल्या आहेत. एक सोडून त्यांतल्या कोणत्याही पत्राची मला लाज वाटत नाही.

ते पत्र मी शेजारच्या घरमालकाला लिहिले होते. त्याच्या मागच्या खोलीत एक वृद्ध विधवा भाड्याने राहते. माहेर वैजापूरकडचे, शेळ्यामेंढ्या राखणाऱ्यांचे. तिच्याकडे एक पिवळी मांजर होती, आणि मांजरीसाठी ठेवलेल्या दुधावर गल्लीतली आणखी दोन-तीन मांजरे येत. दर रविवारी ही सगळी माझ्या बागेत उतरत आणि मेथीच्या वाफ्यात लोळून कोवळी रोपे चिरडत. मी संतापलो आणि मुद्दे पाडले: उपद्रव, अस्वच्छता, भटक्या प्राण्यांना अन्न घालणे. चौथ्या मुद्द्यावर तर मी स्वतःच खूश होतो. सदर भाडेकरू कुंपणातून हात घालून माझ्या आवारातील पाने विनापरवानगी तोडते, असा तो होता.

पाने खोकलीची होती. खोकली म्हणजे ओल मिळेल तिथे उगवणारे तण. ते मी दर रविवारी सकाळी मुळासकट उपटून वाफ्याच्या कडेला टाकत असे.

पत्राची प्रत महापालिकेला गेली आहे हे पाहून घरमालक घाबरला. त्याने तिला महिनाअखेर खोली सोडायला सांगितले.

पुढच्या रविवारी ती फाटकाशी आली. विनवण्या करील असे वाटून मी उत्तर तयार ठेवले होते. तिने उपटलेल्या ढिगाकडे बोट दाखवले.

"सायेब, मांजरं दुधापायी नाय येत तुमच्याकडं. खोकली तुमी उपटता. तिच्या मुळीचं लई येड असतंय त्यांना."

मी पुरावा मागितला. होय, हाच शब्द वापरला. तिने ढिगातले एक रोप उचलून पायरीवर ठेवले आणि बाजूला उभी राहिली. थोड्याच वेळात पिवळी मांजर भिंतीवरून उतरली, मुळीवर गाल घासू लागली, आणि मग पाय वर करून माझ्यासमोर लोळली.

पानांचेही तिने सांगितले. तिच्या माहेरी खोकल्याला पानांचा रस मधातून देत, खरूज उठली की पाने मिठाबरोबर वाटून लावत. कुंपणातून नेलेली पाने गल्लीतल्याच एका बाईच्या खाजेसाठी होती.

"तुमी फेकतच व्हता, म्हणून घेतली," ती म्हणाली.

तक्रार मागे घेण्याचे पत्र एका बैठकीत व्हायला हवे होते. मला चार दिवस लागले. पहिल्या मसुद्यात 'गैरसमजातून' होते, दुसऱ्यात 'असे निदर्शनास आले आहे की'. आयुष्यभर इतरांच्या चुका मुद्देसूद मांडणाऱ्या माझ्या हाताला 'चूक माझी आहे' हे तीन शब्द उतरवता येईनात. पाचव्या दिवशी मी ते लिहिले आणि स्वतः नेऊन दिले.

घरमालकाने ते दोनदा वाचले. "राहू द्या मग तिला," तो म्हणाला. "पण काका, आधी नीट बघून लिहायचं ना."

खोली वाचली. मांजर मात्र गेली होती. खोली टिकावी म्हणून म्हातारीने आदल्याच दिवशी तिला वैजापूरला भावाकडे सोडले होते. मी पहिलाच मसुदा पाठवला असता तरी ती इथेच राहिली असती.

आता कुंपणालगत मी खोकलीचा एक वाफा राखला आहे, पाणीही घालतो. पाने हवी तेव्हा न्यावीत, विचारण्याची गरज नाही, असे तिला दोनदा सांगितले. ती मान डोलावते. तरीही प्रत्येक वेळी फाटकाशी येऊन उभी राहते, आणि मी बाहेर येईपर्यंत पानांना हात लावत नाही.

"सायेब, चार पानं घिऊ का?"