दोन पात्यांचा एक कर्णा

बापू गेल्याची तार धारला आली, तेव्हा मी दुकान उघडत होतो. कुलूप तसंच लटकत ठेवून स्टँड गाठला... बापू माझा आतेभाऊ, देवासच्या शाळेत विज्ञान शिकवायचा. महिना होत आला, तरी देवासची मोटर पकडली की तो उतरवून घ्यायला उभा असेल, असंच वाटतं.

देवास म्हणजे थोरली आणि धाकटी अशा दोन पात्यांचं गाव. एकाच गावात राजे दोन, दरबार दोन, रामनवम्याही दोन. संस्थानं विलीन झाल्यावर जाणत्यांनी उत्सव एकच करायचं ठरवलं. मांडव एक, कीर्तनकार एक; ॲम्प्लिफायर मात्र दोन्हीकडच्यांनी आपापला आणला आणि मागे घ्यायला कुणी तयार होईना. दोन्ही तसे अशक्तच. बापूनं ते जोडून दोन्हींच्या मधे एकच मोठा कर्णा लावला, रवीला दोन्हीकडून दोरी असावी तसा. दोघांचा मान सारखा राहावा म्हणून दोन्हींच्या तारा अगदी सारख्या जोडल्या, आणि कर्णा मुका झाला. जन्माची वेळ जवळ आलेली, मागची माणसं उठू लागलेली. धाकट्या पातीचे लोक आपलं यंत्र उचलायला पुढे सरसावले. ते मांडवाबाहेर गेलं असतं तर उत्सव पुन्हा फाटला असता.

"एकाच्या तारा उलट्या कराव्या लागतील," बापू म्हणाला. "रवीची दोरी दोन्ही हातांनी एकदम ओढून ताक होतं का? एकानं ओढायची, दुसऱ्यानं सोडायची."

"पण आमच्याच का उलट्या, भिया? ये नहीं चलेगा," धाकटे गुरगुरले.

"यंदा थोरल्यांच्या. पुढच्या साली तुमच्या. पाळी लावू."

पाळीला नाही म्हणणं देवासकरांना जमत नाही. पाळणा हलला तेव्हा कीर्तनकारांचा आवाज टेकडीपर्यंत गेला. पुढे दरसाल बापू पाळीनं तारा फिरवत राहिला. घरी तो हट्टी. बुद्धिबळात हरला की माझ्याशी अबोला धरायचा. पण गावाच्या बाबतीत इतका सोशिक माणूस मी पाहिला नाही. मला त्याची फार आठवण येते.

रामनवमी तोंडावर आली आहे. काल वहिनींना भेटलो. त्याच्या खोलीत दोन्ही ॲम्प्लिफायर शेजारीशेजारी, धुतल्या धोतरानं झाकलेले.

"थोरले येऊन गेले," वहिनी म्हणाल्या. "म्हणाले, मास्तर गेले, पाळीचं बाजूला ठेवा, यंदा आमच्याच उलट्या लावा. मग धाकटे आले... तेही हेच म्हणाले. डोळे भरले होते हो त्यांचे. काय सांगू त्यांना?"

दोन्हींच्या उलट्या लावल्या की कर्णा पुन्हा मुका. हे दोघांनाही पटवून देणारा एकच माणूस होता.