पाचावरचं शून्य

पाचाचा घातांक शून्य असेल तर उत्तर शून्य, असं मी माझ्या सातवीतल्या मुलीला ठणकावून सांगितलं. तिने वहीत आधी ‘एक’ लिहिलं होतं. ते मी स्वतःच्या हाताने, लाल पेनने खोडलं. चाचणीत हेच गणित आलं. लेक आज्ञाधारक, तिने शून्य लिहिलं.

आमच्या मुलुंडच्या सोसायटीतली झाडून सगळी मुलं संध्याकाळी क्लासला जातात. ‘माझी मुलगी नाही जाणार, मी आहे ना!’ असं मी लिफ्टमध्ये भेटेल त्याला सांगत असे. लेकीला हे पसंत होतं, कारण क्लासची वेळ आणि तिच्या खो-खोच्या सरावाची वेळ एकच. बायकोची अट साधी होती. वीसपैकी सतरा मार्क, नाहीतर खो-खो बंद आणि क्लास सुरू.

मिळाले सोळा.

म्हणून शाळेच्या ओपन डेला पेपर बघायला मी जातीने गेलो. मागे पालकांची रांग, मी खुर्ची पुढे ओढून मॅडमना म्हटलं, “एक मार्क चुकून कापलाय तुम्ही. पाच शून्य वेळा घेतला म्हणजे घेतलाच नाही. मग उरणार काय?”

मॅडमनी शांतपणे कागदावर लिहिलं: एकशे पंचवीस, पंचवीस, पाच. “घातांक तीन, दोन, एक. घातांक एकाने उतरला की उत्तराला पाचाने भागायचं. आता पाचाला पाचाने भागा. किती?”

“एक. पण तो भागाकार झाला, मॅडम. वेगळा धडा.”

रांगेतून कोणीतरी खोकलं. मॅडमनी विचारलं, “घरी कोण शिकवतं हिला?”

“मीच!”

“तरीच,” म्हणाल्या आणि पुढच्या पालकांना बोलावलं.

घरी आलो तर बायको दोरीवरच्या चादरी काढत होती. ओपन डेची हकीकत सांगता सांगता मी चादरीची दोन टोकं धरली. शेवटी म्हटलं, “मॅडमचं काहीही असो, शून्य म्हणजे काही नाही. मला पटत नाही.”

लेक सोफ्यावर बुटाची नाडी बोटाला गुंडाळत बसली होती. सरावाला जायचं की नाही, हे अजून कोणी तिला सांगितलं नव्हतं. ती म्हणाली, “बाबा, एक घडी घाल. किती थर?”

“दोन.”

“अजून एक घाल.”

“चार. अजून एक घातली तर आठ. मला शिकवतेस?”

“दर घडीला दुप्पट ना? म्हणजे पाया दोन, आणि घड्या किती तो घातांक. आता उलगड.”

उलगडली. चार, दोन, मग अख्खी चादर आम्हा दोघांमध्ये ताणून उभी.

“आता घड्या किती?”

“शून्य.”

“मग चादर गेली कुठे?”

चादर माझ्या हातातच होती. निळी, हत्तींची, एका कोपऱ्यात इस्त्रीचा डाग असलेली. एक थर. मी हत्तींकडे बघत राहिलो. दोनाच्या जागी पाच ठेवून पाहिला, दहा ठेवून पाहिला. दर वेळी उलगडत उलगडत एकावरच येत होतो. चाळीस वर्षांचा घोडा, घरातल्या चादरीने शिकवला.

“आलं डोक्यात?” बायकोने विचारलं.

“आलं. पण मग तो मार्क...”

“तो मार्क तू घालवलास. तिची संध्याकाळ मी कशाला घालवू?” ती लेकीकडे वळली. “जा गं, खो-खोला उशीर होईल.”

लेकीने एका उडीत बूट चढवले. मलाही एकदम हुरूप आला. टेबलावरची वही उचलून म्हटलं, “झकास! तू आलीस की पुढचा धडा आपण दोघं...”

दारातून मागे येऊन तिने वही माझ्या हातातून काढून घेतली.

“बाबा, तू नुसती चादर धर.”